बिनडोळ्याचा दाणा

"तुमच्या बाबूजीच्या कचऱ्यानं माह्या कोंबड्या माजल्या ना वो," उकेकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या. "बम अंडी देऊन राहिल्या. अन् तुमचं घर पाहाय. म्हातारा फुगून राहिला, तू वाळून राहिली. असा कोणता कचरा असते तो, पाहून तरी घे एखाद्या दिवशी."

मी हसले. कणी माझ्या खांद्यावर होती, दूध पिऊन ढेकर द्यायची राहिली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्या पाठीवर फिरणाऱ्या माझ्या हाताकडे होतं. "तांदळातला कचरा, काकू. दुसरं काय असणार?"

"कचऱ्यानं कोंबडी अंडे देत नाई, बाई," असं म्हणून काकू खुराड्याकडे वळल्या.

एरवी मी कशालाही घाबरते. कणी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. गॅसची कळ बंद केल्यावर परत जाऊन पाहते. माझा नवरा योगराज म्हणतो, "तुला भीती वाटत नाही अशी एक तरी गोष्ट दाखव, बक्षीस देतो." तशी एक गोष्ट होती. कोंबड्यांच्या अंड्यांची मला भीती वाटली नाही.

बाबूजी म्हणजे माझे सासरे, तुळशीराम लांजेवार. वैनगंगेच्या अलीकडचा आमचा हा सगळा मुलूख धानाचा, आणि बाबूजी सरकारी धान-गोदामात प्रतवारी निरीक्षक होते. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची आणि निकाल द्यायचा. हा मागच्या सालचा. हा ओला भरला. यात दुसऱ्या वाणाची मिसळ आहे. त्यांना लांबून येताना पाहून व्यापारी चहा पिण्याच्या निमित्तानं सटकत, असं गावात अजून सांगतात. माझी मुलगी जन्मली तेव्हा वजनानं कमी होती. बाबूजींनी तिला तळहातावर घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "ही तर कणी आहे. पण चांगल्या वाणाची." तेच नाव पडलं.

त्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. बाळाला घेऊन परत आले तर घरात बाबूजींसोबत आणखी काहीतरी राहायला आलं होतं. त्यांच्या छातीवर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली होती. सगळेजण तिला टिकली म्हणायचे. "म्हातारपणी टिकली लावून बसलो, सूनबाई," बाबूजी म्हणाले. न्हाणीघरात वजन घेणारा एक पाट होता. आणि देवळीत एक पांढरी डबी, जी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या गोळ्या आपणहून पुढे सरकवायची.

टिकली, पाट आणि डबी मिळून जे काही कळेल ते तालुक्याच्या हृदय-केंद्रात जायचं. तिथल्या संगणकात बाबूजींच्या हृदयाची एक हुबेहूब प्रत होती. तिला प्रतिहृदय म्हणतात. बाबूजींचं हृदय जेवढं पंप करतं तेवढंच ते करतं, त्यांच्या अंगात जेवढं पाणी साठतं तेवढं त्याच्याही अंगात साठतं. फरक एवढाच की ते काळाच्या थोडं पुढे धावू शकतं. उद्या काय होईल ते आज सांगतं, आणि त्याप्रमाणे आजची गोळी बदलतं. आमच्या भागात डॉक्टर थोडे आणि दुखणारी हृदयं पुष्कळ, म्हणून ही सोय आली होती. आणि ती चांगली होती, हे मी आजही म्हणेन. तिनं माणसं वाचवलीत.

रोज सकाळी माझ्या फोनवर त्या प्रतिहृदयाचा अहवाल यायचा. नाडी, दाब, पाणी, मीठ. अगदी खाली एक ओळ असायची: 'ब-जीवनसत्त्वांची पातळी: पुरेशी.' हिरव्या अक्षरांत. वरचे आकडे लाल झाले की मी त्या हिरव्या ओळीकडे बघायचे. निदान एवढं तरी ठीक आहे.

बाबूजींना केंद्रानं ओझं उचलायला, जिना चढायला मनाई केली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर छपरीत बसून ते कंटाळायचे. मी परत आले त्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, तुला पोर सांभाळायचं आहे. घरातल्या तांदळाचं काम माझ्याकडे दे." केंद्रातून हृदयरोग्यांच्या घरी दर महिन्याला तांदळाची थैली यायची, साऱ्या घराला पुरेल एवढी. बाबूजी दुपारी सूप मांडीवर घ्यायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि एकेक दाणा पारखायचे. निवडलेलं वेगळ्या डब्यात, ते उकेकाकूंच्या कोंबड्यांना. मग तांदूळ धुवायचे, पाणी नळासारखं नितळ होईपर्यंत. "भात असा पाहिजे," म्हणायचे, "मोगऱ्यासारखा." आणि खरंच तसा व्हायचा. मीही तोच खायचे, तूप घालून. डाळीनं बाळाला वात होईल, पालेभाजीनं पोट दुखेल, वांगं नको, अंडं उष्ण, असं करत करत मी एकेक पदार्थ सोडला होता. काही आईनं सांगितलं म्हणून, काही फोनवर वाचून, आणि काही नुसतं मनात आलं म्हणून.

दिवाळी झाली आणि बाबूजींचे पाय सुजायला लागले.

सकाळी त्यांचे पाय बघणं हा माझा नेम झाला. नडगीवर अंगठा दाबायचा आणि उचलायचा. आधी खळगी पडून लगेच भरून यायची. मग तिला वेळ लागायला लागला. मग ती तशीच राहायला लागली, ओल्या मातीत बोट रुतल्यासारखी. डबी लघवीची एक गोळी द्यायची ती दोन द्यायला लागली. त्यानं पाणी उतरायचं, चार दिवस बरे जायचे, की पुन्हा सूज आणि पुन्हा वाढीव गोळी. बाबूजी उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागले. पण दुपारी सूप मांडीवर असायचंच.

"राहू द्या ना आज, बाबूजी."

"काहून? हात तर सुजले नाहीत अजून." आणि दाणा उचलून बाजूला टाकायचे. टक्.

एका सोमवारी केंद्रातून डॉ. फुलझेले यांचा फोन आला. तरुण आहेत, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. बोलताना मागे सतत कुठलं तरी यंत्र वाजत असतं.

"लांजेवारांच्या घरून ना? हे बघा ताई, स्पष्ट सांगते. बाबूजींचं प्रतिहृदय उताराला लागलंय. गोळ्या वाढवून बघितल्या, ते अजून खालीच जातंय. शुक्रवारी आमची बैठक आहे. त्यांचं नाव विसावा गटात जाईल असं दिसतं."

"विसावा म्हणजे?"

"म्हणजे यापुढे दवाखान्यातली खाट नाही, नवे उपचार नाहीत. घरीच, त्रास कमी व्हावा एवढं बघायचं. तुम्ही योगराजभाऊंना बोलावून घ्या."

"पण झटका आला तेव्हा तर तुम्हीच म्हणाला होतात की निम्म्याहून जास्त हृदय शाबूत आहे."

"होतं ताई. ते का दमतंय तेच कळत नाही. कधीकधी नाही कळत."

मी योगराजला फोन केला. तो नागपूरला नोकरीला असतो, शनिवारी येतो. त्यानं रजेचा हिशेब केला. मग म्हणाला, "गुरुवारी निघतो." बाबूजींना मी काही सांगितलं नाही. पण त्यांनी आयुष्यभर बंद पोत्यातला माल ओळखलेला. संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं माल नापास केला वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल आवरत होते आणि मला उगाचच वाटलं की घर फार शांत आहे. पाळण्याकडे पाहिलं. कणी रडत होती. तोंड उघडं, चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, आणि आवाज नाही. फक्त एक खरखर, कोरड्या पानावरून कोणी चालावं तशी.

मी तिला उचललं. ती दुधाला तोंड लावेना. छाती भराभर वरखाली होत होती. मी श्वास मोजायला गेले आणि मोजता मोजता आकडे विसरले. माझ्याही तळपायांना आठवडाभर मुंग्या येत होत्या. जागरणामुळे असेल म्हणून मी त्याकडे बघितलं नव्हतं.

"घसा बसला असेल," योगराज फोनवर म्हणाला. "थंडी पडलीय. मागे शिंकली तेव्हाही तू असंच केलं होतंस. प्रांजली, बाबूजींचं एवढं चालू आहे, त्यात तू आता—"

"ती रडते आहे आणि आवाज येत नाही, योगराज."

"लहान मुलांचा बसतो गं आवाज."

छपरीतून बाबूजींचा आवाज आला. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता त्यांना. "त्याला ठेवायला सांग फोन. अन् केंद्राची गाडी बोलाव. आज माझी तपासणी आहे म्हणून सांग. गाडी माह्या नावानं येईल... जाईल मात्र पोरीसाठी."

तपासणी बुधवारी होती. आयुष्यात कधी चुकीची पावती न फाडलेला माणूस सरळ खोटं बोलायला सांगत होता. मी गाडी बोलावली.

डॉ. फुलझेले यांच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर बाबूजींचं प्रतिहृदय धडधडत होतं. मोठं झालेलं, सैल पडलेलं. पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं ते भरत होतं आणि रिकामं होताना थकत होतं. डॉक्टर आमच्याकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत होत्या. "बाबूजी, तुमची तपासणी उद्या आहे ना? आकडे तर आलेत माझ्याकडे..."

कणीनं तोंड उघडलं आणि ती रडली. खरखर.

डॉक्टर वळल्या. पडद्याला पाठ करून त्या कणीजवळ आल्या, वाकल्या, आणि नुसत्या बघत राहिल्या. मग तिच्या पोटावर हात ठेवून यकृताची कड चाचपली. छातीला नळी लावली. "कधीपासून आवाज नाही?"

"आजपासून. काल जरा घोगरा वाटला होता."

"अंगावरचं दूध ना? आणि तुम्ही काय खाता?"

"भात. तूप. दुसरं फारसं नाही. बाळाला वात होतो म्हणून..."

"कोणता भात?"

"तुमच्याच केंद्राचा."

"मग असं व्हायला नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पण हात थांबले नव्हते. कपाट उघडून त्यांनी एक छोटी कुपी काढली होती. "ताई, हिला सुई देते. बी-वन जीवनसत्त्वाची. रक्त तपासायला पाठवते, पण निकाल यायला वेळ लागेल आणि हिला तेवढा वेळ नाही. हेच कारण असेल तर काही तासांत कळेल. नसेल, तर या सुईनं तिचं नुकसान होणार नाही. दुसरं कारणही शोधत राहू."

त्या वेळी मला जाणवलं, कणीचं प्रतिहृदय नव्हतं. तिच्याविषयी कोणी आधीच काही ठरवून ठेवलं नव्हतं. म्हणून तिच्याकडे कोणीतरी नुसतं पाहिलं.

सुई दिल्यावर आम्हाला बाजूच्या खाटेवर बसवलं आणि डॉक्टर येता-जाता मला तुकड्या-तुकड्यांनी सांगत राहिल्या. ते मी इथे जोडून सांगते. आपण खाल्लेल्या पिठूळ पदार्थांची साखर होते, पण साखर नुसती रक्तात असून भागत नाही. ती जाळून ताकद काढायला बी-वन लागतं. चुलीत लाकडं रचलेली आहेत आणि काडीच नाही, अशी गत होते. हृदय कधी सुट्टी घेत नाही, म्हणून सगळ्यांत आधी ओरड तिथून येते. शरीर हे जीवनसत्त्व फार दिवस साठवू शकत नाही. तांदळाच्या दाण्यात ते असतं बाहेरच्या कोंड्यात आणि अंकुरात, आणि पॉलिश केलं की दोन्ही निघून जातात. उरलंसुरलं धुण्याच्या पाण्यात. आईच्या अंगात नसेल तर दुधात नसतं, आणि बाळाचा घसा बसतो, कारण आवाजाच्या नसाही त्याच काडीवर चालतात.

"फार वर्षांपूर्वी जावा बेटावर एका डॉक्टरच्या हे लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांमुळे. पॉलिशचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि कोंड्याचा भात खाणाऱ्या धडधाकट राहिल्या."

कोंबड्या, हा शब्द माझ्या कानात कुठेतरी अडकला. पण कणीचा श्वास बघण्यात मी तो सोडून दिला.

दुपार कलली. कणी दूध प्यायली. झोपली. जागी झाली, इकडेतिकडे बघितलं, ओठ वाकडे केले आणि मग किंचाळली. असं किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. मी आयुष्यात एवढा चांगला आवाज ऐकलेला नाही. बाबूजी खुर्चीत पुढे वाकून म्हणाले, "पास."

डॉक्टर धावत आल्या, तिला बघितलं, हसल्या. त्या निघणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"बाबूजींनाही द्या."

"ताई, त्यांचं वेगळं आहे. त्यांना झटका येऊन गेलाय. आणि त्यांची पातळी पुरेशी आहे, ही बघा." पडद्यावरची हिरवी ओळ.

"ही पातळी कोणी मोजली?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"रक्त काढून मोजली का? टिकलीला कळते का?"

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "टिकलीला नाही कळत. ती... हिशेबानं काढलेली असते. घरात तांदूळ किती गेला, त्यात जीवनसत्त्व किती, लघवीच्या गोळीनं वाहून किती गेलं. त्या गोळीनं बी-वन पाण्यासोबत निघून जातं, म्हणून तर हृदयरोग्यांच्या तांदळात आपण ते घालतो. भरपूर घालतो."

"आम्ही एकाच गंजातला भात खातो, डॉक्टर. माझ्या दुधात नाही, तर त्यांच्या रक्तात कुठून येणार?"

पडद्यावर ते सैल हृदय भरत होतं, थकत होतं. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उलटा फिरताना दिसला. बी-वन नाही म्हणून हृदय दमलं. दमलं म्हणून पाणी साठलं. साठलं म्हणून यंत्रानं गोळी वाढवली. आणि वाढवलेल्या गोळीनं जे काही उरलं होतं तेही धुऊन नेलं. प्रत्येक पायरीवर यंत्र बरोबर होतं. पायाच चुकला होता.

"पण गेलं कुठे?" त्या म्हणाल्या. "तुमच्या तांदळात ते दाणे असतात ना? थोडे पिवळसर? तांदळाच्या पिठात जीवनसत्त्वं मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले. मूठभर तांदळात पाच-सहा तरी दिसतात."

"नाही," मी म्हणाले. "आमच्या तांदळात पिवळा दाणा एकही नसतो. मोगऱ्यासारखा..."

आणि मी थांबले. माझं वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेलं आहे. अंकुर निघून गेला की दाण्याच्या टोकाला एक खाच राहते, हे मी वहीत आकृती काढून शिकलेय. पिठातून काढलेल्या दाण्याला ती खाच कुठून असणार? जे मला आकृतीतून माहीत होतं ते एका माणसाला बोटांतून माहीत होतं, आणि तो माणूस माझ्या शेजारी बसला होता. मला वाटलं विषय बदलावा. पाणी मागावं. काहीही करावं. सुई तर मिळेलच आता; त्यांना कारण कशाला कळायला हवं?

"तो दाणा," बाबूजी म्हणाले. त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, दाणा फिरवावा तसा. "पिवळट. खडूसारखा. त्याला टोकाला डोळा नसते."

"हो, बाबूजी. तोच."

"मी त्याला भेसळ समजलो. प्लास्टिकचा."

बाबूजींनी बोटं सोडून तळहात पाहिला.

"ते गोळ्यांचं डबडं बोललं होतं मला, पहिल्याच दिवशी. तांदूळ निवडू नका, धुऊ नका." त्यांनी श्वास घेतला. "मी म्हटलं, मला शिकवते तांदळाचं? अन् त्याचा आवाज बंद करून टाकला." मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, पोरीला दूध तुह्या अंगावरचं. अन् तुला भात माह्या हातचा."

"बाबूजी, तसं नाही—"

"तसंच आहे."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. "आता रक्त काढते आणि लगेच सुई देते." पडद्यावर एक चौकट उघडली: पातळी पुरेशी असताना औषध देण्याचं कारण नोंदवा. डॉक्टरांनी ती चौकट बंद केली. "कारण नंतर लिहीन. डबीतली गोळीही मी आजच कमी करते. आणि ताई, उगाच आशा लावू नका. सगळ्यांचं हृदय या कारणानं दमत नाही. झटक्यानं जे गेलं ते परत येणार नाही. पण जे नुसतं उपाशी आहे, ते कदाचित येईल."

योगराज गुरुवारी आला तेव्हा बाबूजी केंद्रातल्या खाटेवर उताणे झोपले होते. उशा न रचता. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवला. खळगी पडली, आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरली. योगराजनं स्वतः दोनदा दाबून पाहिलं. मग तो कणीला घेऊन बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि म्हणाला, "तू घाबरत जा. मी काही म्हणणार नाही यापुढे."

शुक्रवारच्या बैठकीत बाबूजींचं नाव निघालं नाही. प्रतिहृदयाला त्यांची सुधारणा काही समजेना. त्यानं दोनदा विचारणा केली की टिकली दुसऱ्याच माणसाच्या छातीवर लागली आहे का. रक्ताचा निकाल नंतर आला. पातळी जवळजवळ तळाला होती. हिरव्या अक्षरांत तीच रोज 'पुरेशी' म्हणून येत होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण घरी आल्यावर बाबूजींनी सुपाला हात लावला नाही. भात मी केला, निवडल्याशिवाय, पिवळ्या दाण्यांसकट. ते मुकाट्यानं जेवले. चेहऱ्यावरची सूज उतरली आणि खालून एक वेगळाच म्हातारा माणूस निघाला. कणीला घ्या म्हटलं तर "हात धुतले नाहीत" म्हणायचे. हृदय वाचवलं आणि माणूस आपण केंद्रातच विसरून आलो की काय, अशी धाकधूक मला व्हायला लागली.

उकेकाकू पदरात अंडी घेऊन आल्या. छपरीत बाबूजींसमोर बसल्या. "घ्या. तुमचाच माल आहे, तुमच्याच घरी परत आणला."

बाबूजींनी अंडी माझ्याकडे सरकवली.

"माह्या कोंबड्यांचं काय आता? त्यांनी काय खावं? इतकं खाऊ घालून सवय लावली अन् आता बंद? त्यांचं पाप कोणाच्या डोक्यावर?"

बाबूजींच्या मिशीचं टोक हललं. "तुह्या कोंबड्यांले लाव टिकली."

"लावतो ना. आधी तुम्ही पोरीले घ्या मांडीवर. माह्यं नाई ऐकत ते पोर."

त्यांनी कणीला घेतलं. तिनं त्यांचा चष्मा ओढला. आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत, केंद्रातून आल्यापासून जे त्यांच्या छातीत बसलं होतं ते त्यांनी बाहेर काढलं.

"मी एकटा नाही निवडत, सूनबाई. असे दाणे दिसून प्लास्टिकच्या तांदळाची आवई उठली होती तेव्हा मला गावोगाव बोलवायचे. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी टाकून बसायचो. बाया जमायच्या. मी दाणा दाखवायचो. याला डोळा नाही, हा काढून टाका. लांजेवार साहेबांनी सांगितलं म्हणून... त्या आजही काढत असतील."

आम्ही त्याच दिवशी डॉ. फुलझेले यांना कळवलं. त्यांनी लगेच काम सुरू केलं, खोटं बोलणार नाही. डबीचा आवाज आता बंद करता येत नाही. रक्त तपासायला माणसं घरोघर जाताहेत. पण जातात ती लाल आकडेवाल्या घरी आधी. ज्यांचं सगळं हिरवं आहे त्यांचा नंबर शेवटी.

आणि बाबूजींचा जीव ज्याच्यात अडकलाय त्याचं सगळं हिरवं आहे. झनकलाल बोपचे. गोदामात बाबूजींच्या हाताखाली होते. दाणा ओळखायला बाबूजींनीच शिकवलं. त्यांना झटका बाबूजींच्या आधी आला. "मी फोन करून विचारायचो त्याला," बाबूजी म्हणाले, "झनक्या, निवडतो ना रे नीट? तो म्हणायचा, साहेब, एक दाणा सुटत नाही."

फोन आता लागत नाही. योगराज आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो. कुलूप आहे. शेजारी म्हणाले, लेक येऊन घेऊन गेली, चुलबंद नदीच्या काठाला कुठेतरी दिली आहे तिला, गावाचं नाव काही आठवत नाही. केंद्र पत्ता देत नाही. तसा नियमच आहे. त्यांचं प्रतिहृदय 'स्थिर' आहे, एवढंच सांगतात. बाबूजींचंही दिवाळीपर्यंत स्थिरच होतं.

म्हणून बाबूजींनी मला लिहायला बसवलं. कणी त्यांच्या मांडीवर आहे, माझ्या पेनाकडे हात करते आहे. "आकडे नको लिहू," ते म्हणतात. "पायाचं लिही."

तर चुलबंदच्या बाजूचे कोणी हे वाचत असाल, तर एवढं करा. उंच, सावळे, उजव्या भुवईवर व्रण, दुपारच्या वेळी मांडीवर सूप घेऊन दाणे पारखत बसलेले गृहस्थ तुमच्या गल्लीत कोणाकडे आले असतील. लेक म्हणेल, बाबा बरे आहेत, आजच निरोप आलाय केंद्राचा. तरी तुम्ही आत जा. चहा घ्या. लांजेवार साहेबांनी पाठवलं म्हणून सांगा, म्हणजे ते पाय पुढे करतील. नडगीवर अंगठा दाबा, दमानं, आणि उचला.

खळगी भरून आली तर त्यांना बाबूजींचा रामराम सांगा. नाही आली, तर त्यांच्या हातातलं सूप काढून घ्या, आणि त्यांना गाडीत बसवूनच मग घरी जा.